ऐंशी टक्के आणि सत्तर टक्के

अष्टमी, रोहा
१६ जून २०२५

किमया,

तू माझा नंबर ब्लॉक केलायस, म्हणून हे पोस्टानं पाठवते. फाडायचं असेल तर वाचून मग फाड.

माझ्या फोनवर तुझं काही दिसत नसलं तरी अमोलच्या फोनवर तुझं स्टेटस दिसतं. शिबिरातला फोटो पाहिला. धनेशराव नव्या तीनचाकी सायकलवर बसलेत, गळ्यात हार, बाजूला साहेब लोक. आठ दिवसांनी नवा फ्रिज, त्यालाही हार. अनुदान सुरू झालं, सायकल आली, फ्रिज आला. छान झालं. 'मनापासून म्हणते' असं पुढे लिहिणार होते, पण तू मला ओळखतेस.

दर्शनाचा अनुदानाचा अर्ज पुन्हा परत आला. खिडकीवरच्या बाईंनी अमोलची पगाराची स्लिप बघितली आणि म्हणाल्या, "तुम्ही यात बसत नाय हो." मी म्हटलं, "माझ्या मुलीलाच बसता येत नाय. तेरा वर्षांची झाली, धरून बसवावी लागते. अपंगाच्या कार्डावर ऐंशी टक्के लिहिलंय." त्या म्हणाल्या, "टक्के खरे हायत, पण आधी उत्पन्न बघतात." धनेशरावांचे सत्तर टक्के. सत्तरला मिळतं आणि ऐंशीला मिळत नाही. हे मी रात्री पडल्या पडल्या कितीदा मनात म्हटलं असेल.

अमोल डबल शिफ्ट का करतात? तिची फिजिओ, पायांचे स्प्लिंट, फिटच्या गोळ्या, पनवेलला न्यायची गाडी. तिच्यासाठी जितकं राबावं तितकी स्लिप फुगते, आणि स्लिप फुगली की आम्ही श्रीमंत. कंपनीच्या मेडिक्लेमवाल्यांनी कळवलं की जन्मापासूनचं दुखणं ते धरत नाहीत.

आता मुद्द्याचं. दर्शनाच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलंय, नवी मुंबईला, ९ सप्टेंबरला. पितृपक्षात लोक तारीख घेत नाहीत, म्हणून आम्हाला लवकर मिळाली. तिची पाळी सुरू झालीय. अंग जड झालंय. बायकांच्या वॉर्डात मला एकटीला तिचं करणं जमणार नाही. आईला महिनाभर माझ्याकडे पाठव.

धनेशरावांचा पाय गेला त्या आठवड्यात आई पिशवी भरून तुझ्याकडे आली ती दोन वर्षं तिथंच आहे. दर्शनासाठी ती अशी कधी धावली? बाळंतपणाचा सव्वा महिना माझ्याकडे राहिली, तेवढंच. सरकारही तुझं आणि आईही तुझी, हे कसं चालेल?

दिपिका


धरमतर, ता. पेण
२५ जून २०२५

ताई,

फाडलं नाही. दोनदा वाचलं.

गागोद्याच्या हळदीत, हातातलं ताट खाली न ठेवता, तू चारचौघींत म्हणालीस, "पाय गेला, पण किमीचं नशीब उघडलं." सगळ्या हसल्या. त्यानंतर तुझा नंबर ठेवून मी काय करू? आणि आता पत्रात त्याबद्दल चकार शब्द नाही, उलट टक्के मोजून दाखवतेस.

बार्ज जेट्टीला लागताना यांचा पाय मध्ये सापडला तेव्हा मी तिथं डबा घेऊन निघाले होते, हे तुला माहीत आहे. ठेकेदारानं पहिलं बिल भरलं, नंतर त्याचा फोनच लागेना. अनुदानाचे कागद करायला शेजारच्या जनूकाकांनी यांना पाठुंगळी घेऊन कचेरीचा जिना चढवला. लग्नात ज्या माणसानं मला उचलून होडीतून उतरवलं होतं तो माणूस म्हाताऱ्याच्या पाठीवर डोळे मिटून बसला होता. त्याचा फोटो मी काढला नाही, म्हणून तुझ्यापर्यंत तो पोचला नाही.

तुला माझ्या अनुदानाचा हेवा वाटतो. मला कशाचा वाटतो ते सांगते. मागल्या वर्षी तुझ्याकडे आले होते, तेव्हा भाओजी दारात उभे राहिले, वाकले, बुटाची लेस बांधली आणि कामावर गेले. तू भाजी निवडत होतीस, मान वर करून बघितलंही नाहीस. मला वाटलं, हिच्याकडे एवढं आहे की बघायची गरजसुद्धा नाही.

आमच्या घरचा माणूस भिंतीकडे तोंड करून निजतो. कृत्रिम पाय खाटेखाली पिशवीत पडलाय. लावा म्हटलं की ताट सरकवतात.

आईला पाठवता येणार नाही. इथं अडचण आहे.

किमया


अष्टमी, रोहा
३ जुलै २०२५

किमया,

हळदीत बोलले ते वाईट बोलले. तोंडातून गेलं. पण तेरा वर्षं मीही लोकांचं ऐकते आहे. "मागच्या जन्माचं हाय," "दुसरं होऊ द्या," "हिला कुठं ठेवतात का बघा." मला तर कुणी हार घातला नाही, शिबिरात बोलावलं नाही. दर्शना जन्मली तशीच आहे, म्हणून तिचं कुणाला नवल नाही. धनेशरावांना दोन पाय असलेले सगळ्यांनी पाहिलेत, म्हणून गाव हळहळतं. त्या हळहळीचासुद्धा मला हेवा वाटतो, बघ.

अडचण कसली ते लिहीत नाहीस. फ्रिजला पैसे आहेत, घरात आई राबायला आहे, वर महिन्याच्या महिन्याला अनुदान. आणि एका महिन्यासाठी आई सोडवत नाही तुला. आईला फोन दे. 'येत नाही' हे मला तिच्याच तोंडून ऐकू दे. नाहीतर मी येऊन तिला घेऊन जाईन.

दिपिका


धरमतर
९ जुलै २०२५

ताई,

येऊ नकोस. गणपतीच्या कारखान्यातलं काम घरी आणलंय, खोलीभर मातीचे ओले उंदीर वाळत ठेवलेत, पाय ठेवायला जागा नाही. आईला हल्ली ऐकायला कमी येतं, फोनवर तिला समजत नाही. बाकी ती बरी आहे.

किमया


अष्टमी, रोहा
२२ जुलै २०२५

किमे,

रविवारी तुझ्या घरातून निघाले ते नागोठण्यापर्यंत एसटीत कुणाकडे बघितलं नाही. तुझ्यासमोर तोंडातून शब्द निघाला नाही, म्हणून आता लिहिते. तू उंदीर पोचवायला गेली होतीस, तेवढ्या वेळात काय झालं तेही तुला माहीत नाही.

दार उघडंच होतं. आईला हाक मारायची म्हणून तोंड उघडलं आणि समोर खाटेवर ती. अर्धं तोंड खाली ओघळलेलं. उजवा हात मांडीवर, कुणीतरी ठेवून दिल्यासारखा. माझ्याकडे बघून "बा, बा" करायला लागली. मी दारातच बसले.

धनेशराव भिंतीकडे तोंड करून होते. तसेच म्हणाले, "मे महिन्यात झालं, ताई. अर्धांग. साखर पण लय वाढलीय."

मी विचारलं, "मला का नाय कळवलंत?"

"ते तिला विचारा."

पाण्यासाठी फ्रिज उघडला. आत दूध, कोथिंबिरीची जुडी आणि दाराच्या कप्प्यात इन्सुलिनच्या बाटल्या. ज्या फ्रिजवर मी महिनाभर जळत होते त्यात दुसरं काही नव्हतं. बाहेर तीनचाकी सायकलवर आईची धुतलेली फडकी वाळत होती. मी म्हटलं, "सायकल चालवत नाय तुम्ही?" ते म्हणाले, "दारात चिखल, पुढं चढ. कुठं चालवू? फोटोपुरती चालली."

मग तू आलीस. मला बघून चप्पलही काढली नाहीस, सरळ आईकडे गेलीस, तिचं तोंड पुसलंस, पोटाला चिमटीत धरून सुई टोचलीस. आणि आईनं डाव्या हातानं तुझा पदर धरला. सोडेचना.

खरं लिहिते. तेव्हा मला आईची कीव यायला हवी होती, तुझी यायला हवी होती. ती आली, पण नंतर. आधी मनात हेच आलं की पदर तुझा धरला. माझा नाही.

एक सांग, आईची मी कुणी नाही का? का लपवलंस?

दिपिका


धरमतर
२ ऑगस्ट २०२५

ताई,

तुझा नंबर उघडलाय. पण आमची एकच खोली, फोनवर बोललेलं सगळे ऐकतात. मनातलं पत्रातच लिहीन.

का लपवलं विचारतेस. तू 'नशीब उघडलं' म्हणाल्यावर ते नशीब तुला दाखवायची मला इच्छा नव्हती, हे एक. खरं कारण दुसरं आहे. तुला कळलं असतं तर तू आईला घेऊन गेली असतीस. तुझं घर पक्कं, बाथरूम आत, भाओजींच्या ओळखीचा डॉक्टर. सगळ्यांनी म्हटलं असतं, दिपिकाकडेच राहू दे. मग माझ्याकडे कोण उरलं असतं? भिंतीकडे तोंड केलेला माणूस. आई बोलत नसली तरी माझ्याकडे बघते तरी. माझ्या घरात मला बघणारं ते एकच माणूस आहे.

आणि तू पदराचं लिहिलंस. मला हसू आलं, मग राग आला. ती "बा, बा" करते ते काय आहे ठाऊक आहे? लहानपणापासून ती 'बाय' कुणाला म्हणायची? तुला. मी किमी, तू बाय. मे महिन्यापासून तिचं हागणं-मुतणं मी काढते, आणि ती दिवसभर तुला हाका मारते. मी दारात आले तेव्हा तुझ्याकडे बघताना तिचे डोळे कसे झाले होते ते मी बघितलं. म्हणून चप्पल काढायचं भान राहिलं नाही.

अनुदानाचं म्हणशील तर ते येतं एकाच्या नावानं आणि त्यावर दोन माणसं निजलीत. मध्ये दोन महिने आलंच नाही, बँकेचं काहीतरी जोडायचं राहिलं होतं. तेव्हा फ्रिजचा हप्ता जनूकाकांनी दिला. आईच्या नावानंही अर्ज टाकलाय, उत्तर नाही.

आता ऐक. तुझं पत्र मी आईला वाचून दाखवत होते. पितृपक्ष, बायकांचा वॉर्ड, दर्शना मोठी झाली, ते सगळं पहिल्या पत्रातलंही सांगितलं. मध्येच भिंतीकडून आवाज आला.

"तू जा."

मी म्हटलं, "कुठं?"

"पोरीच्या ऑपरेशनला. सासूबाईंचं मी बघतो."

"तुम्ही? तुम्ही उठता तरी का?"

मग म्हणाले, "शेजारच्या सोनीला आंघोळीपुरती सकाळी बोलव. सुई कशी टोचायची ते दाखव मना." आणि उठून बसले. मी उशीला टोचून दाखवलं, तर म्हणाले, "उशी काय ओरडते? माझ्या पोटाला पाण्याची टोच, मंग कळंल." मी नाही टोचली. पण दोन वर्षांत हे पहिल्यांदा काही मागत होते.

गणपतीचा सीझन तोवर आटपेल. मी येते. आई येणार नाही, मी येईन. चालेल का ते कळव.

किमया


अष्टमी, रोहा
१ ऑक्टोबर २०२५

किमे,

तू गेल्यापासून घरात माझं काही खरं नाही. दर्शनाला वेणी घालायला गेले की मान फिरवते. "माशी" म्हणते. मावशीसारखी घाल, असं म्हणायचं असतं तिला. मी तेरा वर्षं वेण्या घातल्या त्या कुठं गेल्या? तू तिला उंदराच्या गोष्टी सांगायचीस, डोळे आधी रंगवले तर उंदीर पळून जातो म्हणून शेवटी रंगवायचे, वगैरे. आता मी सांगते तर म्हणते, "तशी नाय." तू दहा दिवस राहिलीस आणि माझ्या मुलीला खुळी करून गेलीस. एवढी चिडले होते की परवा तुला फोन करून भांडणार होते.

पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती फिट येऊन निळी पडली तेव्हा मी भिंतीला चिकटून उभी राहिले, आणि तू तिला कुशीवर वळवून नर्सला हाक मारलीस. आईचं करून करून तुझे हात तयार झालेत. ते मी विसरणार नाही. आणि त्याचा हेवाही सोडणार नाही, सांगून ठेवते.

प्लास्टर दिवाळीआधी निघेल. ऑपरेशनचा बराचसा खर्च सरकारच्या आरोग्य योजनेत गेला, तिथं उत्पन्न बघत नाहीत. नंतरचं सगळं, बूट, फिजिओ, रोजची रिक्षा, आमच्याच अंगावर. कचेरीतले नवे साहेब बोलायला चांगले आहेत. त्यांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं पटतं. पण स्लिपवर मुलीचा खर्च लिहिलेला नसतो, पगारच लिहिलेला असतो." अर्ज नामंजूर. आता पुन्हा करणार नाही.

आणि तू लिहिलं होतंस त्या तुझ्या भाओजींच्या लेसबद्दल. तू वॉर्डात होतीस तेव्हा अमोल तीन शिफ्ट करून थेट आले आणि बाकावर बसल्या बसल्या झोपले, ते तू पाहिलंस. बूट तूच काढलेस त्यांचे. घरी ते असेच येतात. वाकून लेस बांधतात ती जाताना. येताना वाकायची ताकद नसते, मी काढते. एवढंच तुला माहीत नव्हतं.

आई कशी आहे? "बा" म्हणते का अजून?

दिपिका


धरमतर
१४ ऑक्टोबर २०२५

ताई,

उशीर झाला. इथं बरंच काही झालं.

नवी मुंबईहून मी परत आले त्या दिवशी दारातून बघते तर हे उभे. पाय लावलेला, एक हात चौकटीला, दुसऱ्या हातात आईची पेजेची वाटी. मला म्हणाले, "चप्पल बाहेर काढ. आताच फरशी पुसलीय." मी काढली. नंतर मोरीत जाऊन तोंडात पदर घालून रडले, कारण आपण होऊन त्यांनी पाय लावला तो माझ्यासाठी नाही. दोन वर्षं मी पाया पडले होते. मी निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी आई खाटेवरून घसरली, सोनी यायची होती, हाकेला कुणी नव्हतं. तेव्हा यांनी खाटेखालची पिशवी ओढली. आईला उचलायला पाय लागतो म्हणून लावला. सोनीनं हे सांगितलं. यांनी काही सांगितलं नाही.

आता जेट्टीवर गाड्या तोलायच्या काट्याच्या केबिनमध्ये माणूस हवाय, गाड्यांच्या पावत्या बघायच्या, बसून काम. जनूकाकांनी शब्द टाकला. हे हो म्हणून आले आणि मग मला विचारलं. मी तलाठ्याकडे गेले. ते म्हणाले, "पगार सुरू झाला की पुढच्या उत्पन्नाच्या दाखल्यात येणार. मग अनुदान बंद होईल. विचार करा." पगार काही मोठा नाही, ताई. अनुदान गेलं आणि रेशनकार्ड बदललं तर आईच्या औषधांचं काय, हा हिशोब मी अजून बसवू शकलेले नाही. यांना तसं सांगितलं. म्हणाले, "घरी बसून मिळतं ते मला माझ्या पायाचं भाडं वाटतं." मागल्या सोमवारपासून जातात. मला भीती वाटते, आणि सकाळी डबा भरताना बरंही वाटतं.

म्हणजे पुढच्या वर्षी मीही तुझ्यासारखीच स्लिपवाली. तेव्हा हळदीत माझ्याशेजारी बस.

आता आईचं. 'बा' गेलं. तुला वाईट वाटेल, मला वाटलं होतं आनंद होईल. मी नव्हते त्या दिवसांत हे तिला रोज बोलायला लावायचे. समोर बसून, वाटी लांब धरून, "नाव घ्या, मंग पेज." आता ती स्पष्ट बोलते. एकच शब्द, पण स्पष्ट. "धनेश."

संध्याकाळी शिफ्ट सुटायची वेळ झाली की तिची नजर दाराकडे लागते. मी केस विंचरते, पाय चेपते, सुई टोचते, आणि ती माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत "धनेश, धनेश" करते. पायाचा टक टक आवाज आला की अर्ध्या तोंडानं हसते. काल मी म्हटलं, "आये, किमी म्हण. एकदा म्हण." तिनं माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "धनेश."

हे लाजले. मी ताट आपटलं.

दिवाळीत दर्शनाला घेऊन ये. गाडी दारापर्यंत येईल, चिखल वाळलाय. जनूकाकांनी सायकलला उतारासाठी ब्रेक बसवून दिलाय, दर्शनाला धरून बसवू आणि खाडीपर्यंत ढकलत नेऊ. आणि आल्यावर तू आईसमोर बस, मी पण बसते. तुझं नाव आधी घेते की माझं, ते बघू. यांना तेवढा वेळ बाहेर पाठवीन.

तुझी
किमी